खंड्याचे साडेपंधरा दिवस

खोलपुरीला गेल्यावर काय काय मिळणार, याची यादी केतकी बारबोलेने बार्शीतच, किराणा सामानाच्या कागदामागे करून ठेवली होती. पगार तिप्पट. हवाशुद्धी केंद्रात उपअभियंत्याचे पद. आईच्या गुडघ्यांचा खर्च. आणि मेहुण्याच्या तोंडी ‘आमची केतकी समुद्राखाली असते’ हे वाक्य. त्याची किंमत तिने लिहिली नव्हती, पण धरली होती. दुसऱ्या बाजूला शिल्लक चार लाख दहा हजार, शेवंती नावाची तीन किलोची मांजर आणि खंड्या नावाचा बावीस किलोचा कुत्रा.

खोलपुरी हे कोकण किनाऱ्यापासून आत, समुद्राच्या तळाशी वसवलेले शहर. तिथे जागा महाग होतीच, पण खरी महाग होती ती हवा. ती यंत्रातून तयार होऊन येई, म्हणून घेणाऱ्या प्रत्येकावर श्वासकर होता. पाच किलोंपर्यंतच्या प्राण्याला माफी. त्यावरच्याला महिना अठरा हजार. शेवंती फुकटात बसत होती. खंड्या मात्र केतकीच्या हातात उरेल तेवढा सगळा पगार नाकाने ओढणार होता.

मेहुणा त्याला सांभाळायला तयार होता, पण मेहुण्याकडचा कुत्रा म्हणजे गच्चीवर बांधलेला कुत्रा. खंड्याचे डोळे उघडले नव्हते तेव्हापासून केतकीने त्याला ड्रॉपरने दूध पाजलेले. त्याला ती सोबत घेऊन गेली. घराची अनामत साडेतीन लाख गिळून बसली, तेव्हा तिला निद्रागृहाचा पत्ता कोणीतरी दिला.

तिथली पशुवैद्य डॉ. शमीम तांबोळी सोलापूरची निघाली. तिने खंड्याला काट्यावर चढवले.

“बावीस किलो. बाई, कुत्रा आणलाय की भाडेकरू?”

“भाडेकरू असता तर भाडं दिलं असतं.”

डॉक्टर हसली. मग तिने भिंतीतला एक खण ओढून दाखवला. आत काचेखाली एक करडा बोका पाय दुमडून पडला होता, थंडगार, केस न् केस जागच्या जागी.

“ही थांबनिद्रा. गुंगी नव्हे. पुढच्या पायाच्या शिरेतून औषध जातं, पेशींचं काम थांबल्यासारखं होतं, मग शरीर गार करायचं. वर्षभरात तो एका दिवसानेसुद्धा म्हातारा होत नाही.”

“म्हणजे प्राणवायूचा खप?” केतकीने आपल्या खात्यातला प्रश्न विचारला.

“जवळजवळ शून्य. म्हणून श्वासकर नाही. या खणाला आम्ही निद्राकोष म्हणतो, त्याचं भाडं बावीसशे. महिन्यातून एकदा तासभर जागं करावंच लागतं, हृदय, मूत्रपिंड तपासायला. तो तास तुमचा.”

“आणि मधले एकोणतीस दिवस? तो माझी वाट बघेल.”

“वाट बघायला जागं असावं लागतं, बाई. याच्या मेंदूत काही घडतच नाही, स्वप्नसुद्धा नाही. एक तास संपला की त्याच्या लेखी लगेच दुसरा सुरू. मधे तुम्ही कुठे गेलातच नाहीत.”

केतकीने आयुष्यात बरेच सौदे केले होते, पण समोरच्याला वाटसुद्धा पाहावी लागणार नाही असा सौदा तिला कोणी देऊ केला नव्हता. “दोन वर्षं,” ती म्हणाली. “दोन वर्षांत कर भरण्याइतकी होते आणि त्याला घरी नेते.”

“सगळे दोनच म्हणतात,” डॉक्टर अर्ज पुढे सरकवत म्हणाली. “सुई टोचताना डोकं तुम्ही धरा. तुमच्या हातात तो शांत राहील.”

पहिल्या वेळी तो शांत राहिला नाही. केतकीने त्याच्या कानामागे खाजवत त्याचे डोके मांडीवर दाबून धरले आणि ‘झालं, झालं, संपलं’ म्हणत राहिली. डोळे मिटेपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता.

दोन वर्षांनी श्वासकर तीस हजार झाला. मग आईचे दोन्ही गुडघे झाले, एक आधी आणि एक नंतर. मग बढती आली आणि बढतीबरोबर वरच्या मजल्यावरची जागा, जी नाकारली असती तर पुढची बढती आली नसती. केतकी वाईट नव्हती, हिशेबी होती. उशीर केल्याने नुकसान होते म्हणून माणूस घाई करतो. इथे तर नुकसानच नव्हते. खंड्या चार वर्षांचा होता, चारच वर्षांचा राहणार होता. आज आणला काय, पुढच्या वर्षी आणला काय, कुत्रा तोच आणि तेवढाच. अशा व्यवहारात घाई करणाऱ्याला लोक वेडा म्हणतात.

मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारचा तो तास तिने कधी चुकवला नाही. तापातसुद्धा गेली. खंड्या कोषातून बाहेर यायचा, अंग झाडायचा, तिच्या साडीत नाक खुपसून शेवंतीचा वास काढायचा. नवव्या वर्षी शेवंती म्हातारी होऊन केतकीच्या मांडीवर गेली. त्यानंतरच्या रविवारी खंड्याने साडी हुंगली, पुन्हा हुंगली, आणि बाकाखाली, कपाटामागे, तपासणीच्या टेबलामागे तासभर शेवंतीला शोधले. त्याच्या लेखी ती साडेचार दिवसांपूर्वी घरी होती. पुढच्या महिन्यातही त्याने शोधले. त्याच्या पुढच्याही.

त्याच सुमारास डॉक्टर एकदा कौतुकाने म्हणाली, “शहाणा झालाय हो. आता धरावं लागत नाही. तास भरत आला की आपण होऊन आडवा होतो आणि पाय देतो.”

केतकीने हे कार्यालयात चार जणांना सांगितले. आमचा खंड्या स्वतः पाय देतो.

वर्षे गेली. तिचे केस पिकले, आवाज बसला, चष्म्याचा नंबर बदलला. दर तासाला खंड्या तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायचा, मग हात हुंगून खात्री करून घ्यायचा. एका पंधरवड्यात आपले माणूस असे झरझर का वाळत चालले आहे, हे त्याला कोण सांगणार?

एकसष्टाव्या वर्षी केतकी निवृत्त झाली. दोनाची एकतीस वर्षे झाली होती. आई केव्हाच गेली होती, मेहुणाही. तिने बार्शीत, गावाबाहेर, अंगणाचे घर घेतले. तिथे हवेला पैसे पडत नव्हते. खंड्याला प्रवासी कोषात, झोपेतच आणले. डॉ. तांबोळीही निवृत्त होऊन सोलापूरला परतली होती. कायमचे जागे करताना पहिल्या दिवशी वैद्य जवळ हवा, म्हणून ती येऊन थांबली. एकतीस वर्षांत दोघींचे अहोजाहोही संपले होते.

दुपारी तीन वाजता खंड्या उठला. अंग झाडले. मग माती. त्याने पंजा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, आणि एकदम सुटला. अंगणाला चार फेऱ्या, कुंपणापलीकडच्या शेळीवर भुंकणे, पाण्याच्या बादलीत अख्खे तोंड. केतकी पायरीवर बसून हसत होती. हसता हसता तिला धाप लागली.

“बघ शमीम, काही गमावलं नाही त्याने. जसा नेला तसा आणला.”

“रक्त छान आहे. हृदय तर तुझ्यापेक्षा बरं.”

तो दमून केतकीजवळ आला. तिने सवयीने त्याच्या कानामागे हात घातला. चार वाजायला पाच मिनिटे होती. खंड्याने भुंकणे, शेळी, बादली सगळे सोडले, पायरीशी उजव्या कुशीवर आडवा झाला आणि पुढचा पाय लांब करून तिच्यापुढे धरला. डोळे घट्ट मिटले.



“मला बघून करत असेल,” डॉक्टर म्हणाली. “माझ्या अंगाला औषधांचा वास असतो. मी जरा रस्त्यापर्यंत जाऊन येते.”

ती गेली. बराच वेळ काही झाले नाही, तेव्हा खंड्याने एक डोळा उघडला, इकडेतिकडे पाहिले आणि उठून पुन्हा खेळायला लागला. केतकीने श्वास सोडला. पाचला पाच कमी असताना तो तिच्याकडे आला. या वेळी तिने हातसुद्धा लावला नव्हता. तो आडवा झाला, पाय पुढे केला.

सहाच्या सुमाराला डॉक्टर परतली, तेव्हा तो तिसऱ्यांदा तसाच पडला होता.

“वाट पाहावी लागणार नाही म्हणाली होतीस,” केतकी म्हणाली.

“ते खरंच होतं. त्याने एक क्षणही वाट पाहिली नाही.” डॉक्टर त्याच्याजवळ खाली बसली. “पण महिना तुझ्याकडे होता, केतकी. त्याच्याकडे नुसते तास. तीनशे बहात्तर तास, एकाला एक लागून. साडेपंधरा दिवस तू त्याच्यासोबतच होतीस आणि दर तासाला सुई...”

“पुरे.”

“आम्ही हृदय तपासलं, मूत्रपिंड तपासलं. तो काय शिकतोय ते कोणी तपासलं नाही.”

“सुटेल ही सवय?”

“सुटेलही. कुत्रा तरुण आहे, आठ वर्षं आहेत त्याच्यापुढे.” डॉक्टरने पुढचे वाक्य गिळले. केतकीच्या हृदयाचे कागद तिनेच वाचले होते, आणि त्यात आठ वर्षे नव्हती.

केतकी गुडघे धरत खाली उतरली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. पाय अजून पुढेच होता. आतल्या बाजूला, तिने इतकी वर्षे डोके धरताना कधी पाहिली नव्हती अशी, रुपयाएवढी केस उडालेली टणक जागा होती. तिने तो पाय दोन्ही हातांत घेतला. खंड्याने डोळे आणखी घट्ट मिटले आणि शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

खणाचे भाडे एकतीस वर्षे केतकीने भरले, एकही हप्ता न चुकवता. बाकीचे खंड्याने भरले होते, आणि तो अजून भरतच होता.