माझ्या नावाची प्रॉक्सी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पटत नसेल त्यानं पेणला रामवाडीत जाऊन धोंडुबाईंना विचारावं. माझ्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं झालंय. माझ्यामुळे नाही.

भुताच्या गोष्टीत अमावस्या असते. आमच्यात सोमवार होता. मागच्या फेब्रुवारीतला. सकाळचा केमिस्ट्रीचा तास.

आणि एक आधीच सांगतो, मी भुताखेतांना घाबरणारा नाही. रोह्याला कुंडलिकेच्या काठी स्मशानाला लागून क्रिकेट खेळलोय मी. भूत समोर आलं तर त्याच्याकडून जर्नल लिहून घेईन, असं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

लिहिलं त्यानं जर्नल.

माझं नाही. शिवाचं.

शिवा माझा रूममेट. पेणच्या खाडीकडचा, घरचे सगळे मिठागरावर. धोंडुबाईंची मागची खोली आम्ही दोघांनी घेतलेली. डबा पण त्यांचाच. एका साबणावर दोघांनी पावसाळा काढलाय. इतकी दोस्ती.

माझं घर निडीला. रविवारी घरी गेलो होतो. सोमवारी सकाळी निघालो तर गाडी नागोठण्याला अडकली. पुढे मालगाडी. हलेना.

माझी हजेरी आधीच कमी. अजून एक दांडी पडली तर गुरुवारी प्रॅक्टिकलला बसू देणार नाही, असं सरांनी बजावलेलं. आणि वर्ष गेलं तर धाटावला कंपनीत हेल्पर म्हणून चिकटवीन, असं बाबांनी.

शिवाला फोन लावला.

"शिवा, प्रॉक्सी मार रे. वर्षाचा प्रश्न हाय."

"टेन्शन नको घेऊस. मी हाय ना."

तासानंतर त्याचा मेसेज आला... 'झालं.'

दुपारी रामवाडीत पोचलो. धोंडुबाई दारातच होत्या.

"काय रे प्रणित, परत भूक लागली? आताच तर जेवून ताट घासून गेलास."

मी?

ताट घासलं?

खोलीत गेलो. माझी गादी गुंडाळलेली होती. चादरीची घडी होती. माझा टॉवेल दोरीवर...

ओला.

संध्याकाळी शिवा आला. नीट विचारलं तेव्हा खाली बघत बोलला, "खरं सांगू? मी ओ दिलीच नाय."

आता हे समजून घ्या. शिवाच्या गावात एक पद्धत हाय. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. खाडीत कोण हाक मारतंय काय माहीत, म्हणून दुसरी हाक येईपर्यंत गप्प राहायचं. लहानपणापासूनची सवय. आणि आमचे सर नाव एकदाच घेतात. पुढे जातात.

"सर बोलले, प्रणित. मी आपला थांबलो... दुसऱ्या हाकेला."

"गाढवा, वर्ग हाय तो! मग?"

"मागून कोणतरी बोललं... हजर सर."

"कोण?"

"तुझाच आवाज."

"वळून बघितलं नाहीस?"

"मागं पोरी बसतात. उगाच गैरसमज."

मला हसू आलं. कुणीतरी मस्करी केली असेल, हजेरी तर लागली. मी झोपलो.

मंगळवारी माझ्या चपला दारात पुसून ठेवलेल्या.

बुधवारी कॅन्टीनवाला बोलला, "दादा, सकाळी थँक्यू बोललात. बरं वाटलं."

मी सकाळी कॅन्टीनला गेलोच नव्हतो.

बुधवारीच संध्याकाळी भाजी घेऊन परत आलो. खोलीचं दार लोटलेलं. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. एक शिवा. दुसरा हसला...

माझं हसू.

दार ढकललं. शिवा एकटाच. त्याच्यासमोर त्याचं जर्नल उघडं. पानावरची शाई अजून ओली. अक्षर माझं होतं, पण सुवाच्य.

माझं अक्षर सुवाच्य बघून अंगावर काटा आला.

"शिवा... कोण होतं इथं?"

त्यानं मान वर केली नाही.

"दोनच प्रयोग राहिलेत. होऊ दे ना."

"तुला माहिती होतं? सोमवारपासून?"

"त्याचा काय त्रास हाय सांग? घोरत नाय. माझा साबण वापरत नाय. सहाला उठवतो. तू कधी उठवलंस?"

 मी जेवलो नाही. डबा तसाच ठेवला. सकाळी तो रिकामा होता. धुतलेला.

गुरुवारी माझी दुपारची बॅच. लॅबच्या दारात सरांनी अडवलं.

"तुझं झालं की सकाळी. छान दिलीस तोंडी."

"सर, तो मी नव्हतो!"

सगळी लॅब हसली. सकाळच्या बॅचचा शिवा अजून बेसिनपाशी टेस्ट ट्यूब धूत होता.

"शिवा, सांग सरांना! शिवा!"

दोन हाका झाल्या, म्हणून त्यानं ओ दिली. माझ्याकडे बघितलं. सरांकडे बघितलं.

"दिलंय सर यानं. माझ्या बाजूलाच होता. मार्क वाढवायला परत आलाय."

सरांनी दार लावून घेतलं.

काचेतून मला शिवा दिसत होता. त्याच्या बाजूला कुणीतरी वाकून बर्नर बंद करत होतं. शर्ट माझा होता. तोंड दिसलं नाही. मी थांबलोही नाही. पळालो.

स्टेशनवरून आईला फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. इतका वेळ आई कुणाशी बोलत नाही.

निडीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घराला कुलूप. शेजारच्या सगुणाकाकी ओट्यावर मटार सोलत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले.

"अरे, तू इथं? तुजी आयबाबा तर पेणला गेली. तूच फोन केलास ना... पेपर चांगला गेला, हाटेलात जेवू घालतो म्हणून? बाबा तुजे रडले रे खुशीनं."

मी काही बोलायच्या आत काकी आत गेल्या. कडी लावल्याचा आवाज आला.

मी आमच्या पायरीवर बसलो.

मोरू, आमचा कुत्रा, अंगणाच्या टोकाला उभा होता. पिल्लू असल्यापासून माझ्या हातची चपाती खातो. हळूहळू जवळ आला. माझा पाय हुंगला. बराच वेळ हुंगला.

मग चावला.