उत्तरेकडचं दार

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी थोरली चर्चमध्ये पोचली तेव्हा तिच्या पिशवीत दोरीची दोन बंडलं, पितळी आकडे, मोजपट्टी आणि दुपारचा डबा होता. गावातली हौशी मंडळी दरवर्षी आपली चित्रं इथे मांडत आणि ती टांगायचं काम थोरलीकडे असे. फ्रेमच्या दुकानात बारा वर्षं काढलेली बाई. कुठलं चित्र किती उंचीवर लावायचं, कुणाशेजारी कुणाला बसवलं की दोघांचंही भलं होईल, हे तिला न मोजता कळायचं. मोजायची ती फक्त लोकांच्या समाधानासाठी.

यंदा एकतीस चित्रं होती. त्यातलं एक तिचं आणि एक धाकटीचं. सगळी मेख तिथेच होती.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. कामाचा शीण घालवायला म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने ब्रश हातात घेतला. तो दिला थोरलीने, धरायचा कसा हे दाखवलंही थोरलीने. आणि या बयेने दोन वर्षांत आईचं चित्र काढलं. खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालणारी आई. थोरली पंधरा वर्षं आईला कागदावर आणायला धडपडत होती आणि दर वेळी कुणीतरी लांबची मावशी उमटत होती. धाकटीच्या चित्रातली आई दोरा दातांनी तोडायच्या बेतात होती, आता वर बघून ‘उजेडातून बाजूला हो’ म्हणेल अशी.

चित्रकलेचे निवृत्त सर दुकानात आले होते, ते त्या चित्रापुढे वीस मिनिटं उभे राहिले. थोरलीने घड्याळात बघितलं होतं. तिच्या चित्राला ते ‘छान, छान’ म्हणाले, तेही चष्मा पुसता पुसता. त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नव्हतं. वर त्या चित्राला फ्रेम कुणी करायची? तर तिनेच.

चर्चची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा असे की सगळे त्यांना किल्लीकाका म्हणत. दिसेल त्याला चर्च समजावून सांगायची त्यांना भारी हौस.

“वरून बघितलंस तर हा अख्खा क्रूस आडवा झोपलाय,” ते म्हणाले. “वेदीची बाजू जरा कललेली दिसते ना? ती गवंड्याची चूक नव्हे. क्रूसावर प्रभूची मान कलली होती, ती मान आहे ही. छत म्हणजे उलटी नाव. बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या या दगडी कुंडाला आठ बाजू, का? सात दिवसांनंतरचा आठवा, नवा दिवस.”

थोरली ‘हं, हं’ करत दोऱ्या कापत होती. आत मेणाचा, ओल्या दगडाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. बाहेर ऊन असूनही भिंती गार होत्या.

काका उत्तरेच्या भिंतीपाशी थांबले. तिथे एक बुटकं दार होतं, दगडांनी बुजवलेलं. त्याच्याकडे पाठ करूनच ते बोलू लागले.

“बाप्तिस्म्याच्या वेळी हे उघडं ठेवायचे. बाळातून जे काही वाईट बाहेर पडेल, त्याने इथून जावं म्हणून. ते जाताना सगळ्यांनी तोंड कुंडाकडे फिरवायचं. बघायचं नाही. पुढे ती चाल बंद पडली, दार बुजवलं. पण पोरी, तीनशे वर्षं माणसांनी एकाच जागेवरची नजर काढून घेतली. जागेलाही सवय लागते. या दारावर काही टांगायचं नाही. माझ्या आधीच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं, मी तुला सांगतो.”

“टांगलं तर काय होतं?”

“काही होत नाही,” काका म्हणाले. “कुणी बघत नाही, एवढंच.”

दुपारी काका जेवायला गेले. भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती. उंचावर लाकडी पट्टी होती, तिच्यावरून दोऱ्या सोडून चित्रं लोंबकळवायची. थोरलीने एकोणतीस चित्रं लावली. मग गोल रंगीत खिडकीचा उजेड थेट जिथे पडतो त्या जागी, मूळ आराखड्यात जिथे ‘आई’ लिहिलं होतं तिथे, स्वतःचं चित्र लावलं. उरलं एक चित्र आणि एकच जागा, बुजवलेल्या दारावरची.

तिने फार विचार केला असं नाही. हात आपसूक चालत गेले. दोरी घट्ट केली, आकडा अडकवला, मोजपट्टी लावून बघितली. चित्र अगदी सरळ बसलं होतं. दाराच्या दगडांतून थंड वारा आल्यासारखं वाटलं, पण तिथे वारा यायला फटच नव्हती.

चारच्या सुमाराला प्रयोगशाळेतून सुटून धाकटी आली. “ताई, इथे अंधार नाही का गं?”

“उजेड बाजूने आला की रंग उठून दिसतात.”

“तू म्हणतेस तर असेल बाई.” आणि वेडीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. थोरलीला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच.

प्रदर्शन तीन दिवस चालायचं आणि चित्रकाराने आपापल्या चित्रापाशी उभं राहायचं, अशी पद्धत. पहिल्या दिवशी गर्दी झाली. थोरली आपल्या जागेवरून धाकटीकडे बघत होती. तिच्यापुढे कुणी थांबत नव्हतं. अर्ध्या तासाने थोरलीला बरं वाटलं. तासाभराने तर छान वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की लोक नुसते पुढे जात नाहीत. दारापाशी आलं की प्रत्येक जण मान फिरवतोय. एकाच बाजूला, कुंडाकडे. हसत, बोलत, कुणाला कळतही नव्हतं. सर आले. आधीचं चित्र त्यांनी वाकून बघितलं, मान कुंडाकडे फिरवली, तीन पावलं टाकली आणि पुढच्या चित्रावर वाकले. धाकटी ‘सर’ म्हणाली. ऐकू गेलं नाही बहुतेक.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी तिच्याजवळ आली. ती हसत होती, पण ओठ कोरडे होते.

“गंमत सांगू? चहा देणारी बाई सगळ्यांना देऊन गेली, मी हात पुढे केला तरी... आणि एका बाईंनी पिशवी ठेवली, ती माझ्या पायावर. मी ओरडले, तर त्यांनी नुसता रुमाल काढला तिच्यातून.”

“गर्दीत होतं तसं,” थोरली म्हणाली. आज तिला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी आई आली. थोरलीच्या चित्रापुढे उभी राहून तोंडदेखलं कौतुक करून झालं. थोरलीने तिचा हात धरून तिला उत्तरेच्या भिंतीशी नेलं. दोन हातांवर आली तशी आईची मान हळूहळू कुंडाकडे वळली.

“आई, इकडे बघ. तुझं चित्र आहे.”

“कुठे गं?”

“हे काय! धाकटीने काढलेलं.”

“कोण धाकटी?” आईने विचारलं. कुंडाकडे बघत, अगदी सहज.

धाकटी समोरच उभी होती.  तिने हाक मारली, “आई... आई गं...” आणि आई पदराशी चाळा करत तशीच उभी राहिली.

थोरलीने चित्र ओरबाडून काढलं. दोरी तुटली, तळहात सोलला. चित्र छातीशी धरून ती काकांकडे धावली. जे केलं ते सगळं तिने सांगून टाकलं, काही झाकलं नाही. काका किल्ल्या चाचपू लागले.

“चित्र काढलंस, पण माणूस तीन दिवस उभं राहिलं ना तिथे...” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “तुझी बहीण आत्ता इथे आहे?”

“ही काय माझ्या शेजारी!”

काकांनी तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. निदान त्यांना ती रिकामीच दिसत असावी. “मग तुला कशी दिसते?”

 उत्तर थोरलीला ठाऊक होतं. तीन दिवस अख्ख्या गावाने नजर फिरवली होती, तिची मात्र हटली नव्हती. कोण धाकटीपुढे थांबतंय, कोण नाही, यावर ती डोळ्यांत तेल घालून पहारा देत होती. जळत होती म्हणून बघत होती.

“बघत राहा,” काका म्हणाले. “जशी बघत होतीस तशीच बघत राहा.”

त्या दिवसापासून थोरलीने मत्सराचा रियाज सुरू केला. हसू येईल, पण करायची ते खरं. थोरलीने दोघींसाठी दुकानावरची खोली भाड्याने घेतली. आईला वाटलं, थोरली एकटीच राहायला गेली. रोज सकाळी उठल्याबरोबर ती आईच्या चित्रापुढे बसायची आणि सरांची ती वीस मिनिटं आठवायची. सरांचा चष्मा, सरांचं ‘छान, छान’. पोटात कळ आली की वळून बघायची. पलंगावर धाकटी असायची, गुडघे पोटाशी घेऊन, तिच्याकडे टक लावून.

“आहे का गं मी?”

“आहेस, मेले. जाशील कुठे?”

एखाद्या सकाळी कळ यायला उशीर व्हायचा. मग पलंगावर आधी नुसती चादरीची घडी दिसायची, थोरलीचा जीव खालीवर व्हायचा, आणि मग हळूहळू त्या घडीत धाकटी दिसायला लागायची. असं झालं की दिवसभर दोघी एकमेकींशी फार बोलायच्या नाहीत.

प्रयोगशाळेत धाकटीच्या खुर्चीवर दुसरी मुलगी आली. धाकटीला आता काही काम नव्हतं. ती चित्र काढायची. तीन आठवडे एकाच कॅनव्हासवर काम चाललं होतं आणि ती थोरलीला बघू देत नव्हती. एका रविवारी दुपारी तिने कापड बाजूला केलं.

फ्रेमचं दुकान. लाकडाच्या पट्ट्यांच्या ढिगात बसलेली थोरली, दातांत पेन्सिल, एक डोळा मिटून कोपरा जुळतोय का बघणारी. बोटांवर सरसाचे डाग. इतक्या वर्षांत तिने आरशात जी बाई बघितली होती ती ही नव्हती. ही बाई देखणी होती. कुणाला तरी ती फार, फार आवडत होती, हे रंगांच्या प्रत्येक फटकाऱ्यात कळत होतं.

“तू माझ्याकडे बघत असतेस ना,” धाकटी म्हणाली, “तेव्हा मीही तुझ्याकडेच बघत असते, ताई.”

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. चित्र थोर होतं, तिच्या शंभर जन्मांत तिला जमलं नसतं असं. आणि तिला काही टोचलं नाही. पोटात आयुष्यात पहिल्यांदा सगळं शांत होतं. “किती सुंदर काढलंस गं, सोने,” ती म्हणाली आणि मिठी मारायला वळली.

खोलीत ऊन होतं. थोरली हात पसरून उभी होती आणि आपण हात का पसरलेत हे तिला आठवेना. आळस दिला असेल. तिने डोळे पुसले. रंगातलं टर्पेंटाइन झोंबतं कधीकधी.

हल्ली थोरलीचं बरं चाललंय. आई म्हणते, एकुलती एक आहेस, परत ये घरी, पण तिला इथे एकटीने राहायची सवय झालीये. दुकानातल्या बाईचं ते चित्र सरांनी बघितलं, पाऊण तास उभे राहिले. “स्वतःला इतकं प्रेमाने बघायला कुठे शिकलीस?” असं त्यांनी विचारलं आणि ती लाजली. आपण ते कधी रंगवलं, हे तिला नीट सांगता येत नाही. तंद्रीत होतं काम.

फक्त एक कटकट आहे. चित्रात तिच्या मागे दुकानाचा एक रिकामा कोपरा आहे, तो वाळतच नाही. रोज सकाळी तिथे ओला रंग असतो. पहिल्यांदा नुसता एक डाग होता. मग स्टुलाचा पाय. मग कुणाच्या तरी चपला. थोरली रोज चिंधी घेते आणि कोपरा स्वच्छ करते.

आज सकाळी तिथे हात होता. मनगटापासून बोटांपर्यंत पुरा, चित्रातल्या बाईच्या खांद्याकडे जाणारा, अजून पोचला नव्हता. थोरली चिंधी घेऊन वाकली आणि थांबली. हात फारच सुरेख जमला होता. असा हात तिला कधी काढता आला नव्हता. पोटात कुठेतरी बारीकशी, जुनी कळ आली... आणि त्याच क्षणी तिच्या कानामागे, अगदी जवळ, कुणीतरी घाईघाईने श्वास घेतला. बोलण्याआधी घेतात तसा.

थोरलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि हात पुसून काढला, बोटं आधी, मग मनगट. कोपरा स्वच्छ झाला. कळही गेली. मग ती निवांतपणे चहा टाकायला उठली.