किळसमार विषाणू

पडद्यावरच्या आजींनी बुरशी आलेल्या भाकरीचा तिसरा तुकडा मोडला, फेस आलेल्या आमटीत बुडवला आणि शांतपणे चावला. डॉ. सुलक्षणा वाघमोडेला मळमळून आलं. तिने चित्रफीत थांबवली.

"घरच्यांना वाटलं, म्हातारीला वेड लागलं," फिरोज मुजावर म्हणाले. विभागीय रक्तकेंद्राच्या प्रयोगशाळेत विषाणू शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. "वेडबिड काही नाही, मॅडम. चव कळते, वास कळतो, आमटी आंबलीय हेही त्याच सांगतात. फक्त किळस येत नाही. दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशनमध्ये दोन पिशव्या रक्त चढवलं होतं. आपल्याकडचं."

"आणि जनुकांचा अनुक्रमवाचक काय म्हणतो?"

"तोच विषाणू. इतकी वर्षं निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेला. ना ताप, ना कावीळ. म्हणून आपल्या तपासण्यांच्या यादीत त्याचं नावच नाही. तो मेंदूच्या ज्या घडीत किळस तयार होते, तिथे जाऊन बसतो. किळस गेली, की माणूस दुसऱ्याच्या रक्ताने माखलेला वस्तराही खुशाल गालावर फिरवतो. विषाणूला पुढचं घर मिळालं."

"फक्त अन्नाचीच किळस जाते?"

फिरोजनी चष्मा काढून पुसला. "जावयाने मोलकरणीचा हात धरला, तो आजींच्या डोळ्यांदेखत. सून रडत सांगायला आली, तर म्हणाल्या, धरू दे, तुझं काय जातंय? नीचपणाची किळसही त्याच घडीतून येते, मॅडम."

सुलक्षणाने पडदा बंद केला. पण खरी घाण तर शीतपेटीत रचून ठेवली होती.

रविवारी जिल्ह्याचे पुढारी बापूसाहेब यांचा वाढदिवस झाला. साहेबांना विक्रम हवा होता, म्हणून महारक्तदान. दात्याला प्रेशर कुकर, वर साहेबांसोबत फोटो. ज्याने रक्त घेतलंय त्याने वर्षभर द्यायचं नाही, हा साधा नियम. तो प्रश्न अर्जात असतो. पण रांग तुंबायला नको म्हणून कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशीच सगळे अर्ज भरून ठेवले होते, प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही'. गरोदर आहात का, नाही. कावीळ झाली होती का, नाही. रक्त घेतलंय का, नाही. दात्याने यायचं, अंगठा टेकवायचा, आडवं व्हायचं, कुकर उचलायचा. पुण्यकर्म म्हणे! सहाशे चाळीस पिशव्या जमल्या आणि प्रत्येकीवर साहेबांचा हसरा फोटो चिकटवलेला. सुलक्षणाला त्या फोटोकडे बघवत नव्हतं.

नव्वद पिशव्या तपासून झाल्या होत्या. अकरांत विषाणू निघाला. उरलेल्या तपासायला आठवडा लागला असता, आणि गाड्या चार वाजता निघणार होत्या. बाळंतिणींच्या दवाखान्यात, अपघात विभागात, दर तीन आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांकडे. गाड्या अडवायच्या तर संचालकांची सही हवी.

ती अहवाल घेऊन संचालक डॉ. रंगराव इंगवल्यांच्या खोलीत गेली. अख्ख्या जिल्ह्यात असल्या शिबिरांना तोंडावर शिव्या घालणारा हा एकच माणूस. एका मंत्र्याने पांघरवलेली शाल त्यांनी भर मंचावर त्याच्याच गळ्यात परत घातली होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर कालच ते कामावर रुजू झाले होते.

सरांनी अहवाल सावकाश वाचला. चहात पडलेली माशी बोटाने काढून बशीत ठेवली आणि घोट घेतला.

सुलक्षणा बशीकडे बघतच राहिली.

"काम चोख केलंयस," सर म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"मग गाड्या थांबवा, सर."

"कशाला?"

"सर, अर्ज खोटे आहेत. लोक नासणार आहेत या रक्ताने."

"कळतंय गं मला. सगळं कळतं." त्यांचा आवाज नातेवाइकाची चौकशी करावी तसा मऊ होता. "मला तीन पिशव्या चढवल्या होत्या. काल आल्या आल्या मीच माझं रक्त अनुक्रमवाचकावर लावलं. आहे. तीस वर्षं याची शिसारी, त्याची शिसारी, घास गोड लागला नाही कधी. आता बापूसाहेबांचा फोन आला तरी काही वाटत नाही. बोललो त्यांच्याशी पाऊण तास. माणूस वाईट नाही."

खरं काय हे सरांना ठाऊक होतं, आणि त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. तिने शेवटचा उपाय केला.

"सर, गुरुवारी तुमची ईश्वरी रक्त घ्यायला येणारे. सात वर्षांची आहे. आपल्याकडे दुसरा साठा नाही. नातीला हेच रक्त चढेल, सर."

इंगवल्यांनी गाड्या सोडण्याच्या कागदावर सही केली, टोपण लावून पेन खिशात अडकवलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"बरी आठवण केलीस," ते म्हणाले. "त्या अकरांतलीच एक तिच्यासाठी बाजूला काढ. ताटात दुधी दिसला की नाक मुरडते कार्टी."