आशाबाईची मागची खोली

कंदिलाची वात थोडी वर करा अन् जवळ सरकून बसा. मागच्या दाराकडे पाठ करून बसलात तरी चालेल, माझं लक्ष आहे तिकडे.

त्रेपन्न सालची गोष्ट. पत्रू कंपाउंडर चांद्यात खोली शोधत होता. लग्नाला वर्ष झालं, पण नवराबायको एका चुलीवरचं एक दिवस जेवले नव्हते. हा दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपे अन् कला नागभीडला बापाकडे. आता सासऱ्याचं कार्ड आलं होतं : 'रविवारी सकाळच्या गाडीनं पोरगी आणतो. खोली नसेल तर संध्याकाळच्या गाडीनं परत. मग दुसरा विचार करू.' त्या 'दुसऱ्या विचारानं' पत्रूचं जेवण गेलं.

बुधवारी आशाबाईची मागची खोली दिसली अन् गडी हरखला. सारवलेली जमीन, कोरी चूल, वर कवेलू. मागे आंगण, तिन्ही बाजूंनी बंद, अन् समोर तर शहराचा उंच परकोटच. बाहेरून यायला वाट नाही.

"बारा रुपये," आशाबाई म्हणाली.

"सहा घ्या ना, बाई."

"सहात तं मी बकरी पन नाई ठेवत, भाऊ! लाकडाच्या डेपोचे मुनशी उद्या पाहाले येऊन राह्यले."

पत्रू तसाच उठला अन् डोमा न्हाव्यापुढे जाऊन बसला. डोमाच्या कानात गोष्ट टाकली की दवंडीचा खर्च वाचतो.

"डोमाभाऊ, आशाबाईच्या मागच्या खोलीत कोनी टिकत काऊन नाई, माईत हाय का?"

वस्तरा थांबला. "काऊन जी?"

"दिवा लागला का मागच्या दारात एक बाई येते. डोईवर ओला पदर, हातात खापर. म्हनते, इस्तो द्या वो बाई, माही चूल विझली…"

दिवेलागणीनंतर चुलीतला इस्तो, म्हणजे विस्तव, घराबाहेर देत नाहीत, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. डोमाच्या हातावर काटा आला. पत्रूला स्वतःचंच असं कौतुक वाटलं म्हणता! ती बाई त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली : हिरवं लुगडं, अन् खापर धरलेल्या हाताला सहा बोटं. पण सहा बोटं ऐकून डोमा हसेल, म्हणून तेवढी त्यानं पोटातच ठेवली.

मुनशी आलेच नाहीत. शनिवारी आशाबाई दवाखान्याच्या खिडकीशी हजर. "घे बापा, सहात घे. वीस वर्सं इथी राह्यली मी, मले काई नाई दिसलं. अन् लोक म्हनतेत बाई येते!"

"आपन नाई मानत असल्या गोष्टी," पत्रू गंभीर तोंड करून म्हणाला, अन् ती वळताच बाटल्यांमागे जाऊन पोट धरून हसला.

रविवारी सासऱ्यानं भिंती ठोकून पाहिल्या, चुलीत डोकावला, अन् एकही खोट न सापडल्यानं नाराज होऊन संध्याकाळची गाडी धरली. पत्रू जिलेबी आणायला बाजारात पळाला. येताना शीळ काय घालत होता! स्वतःची खोली, स्वतःची बायको, अन् तेही सहा रुपयांत!

परतला तेव्हा दिवा लागला होता. चुलीवर भात रटरटत होता.

"अवो, इथले लोक लई मायाळू हायत जी," कला म्हणाली. "आत्ताच शेजारची बाई येऊन गेली."

"आशाबाई?"

"नाई. मागच्या दारानं आली. इस्तो मागत होती. देल्ले दोन निखारे."

पत्रू हसला. "डोमानं शिकवलं ना तुले हे?"

"कोन डोमा?"

मागचं दार उघडंच होतं. आंगणात सकाळचं सारवण जसंच्या तसं, पावलाची खूण नाही. उंबऱ्यावर मात्र थेंब पडले होते…

"पदर ओला होता बिचारीचा. अन् ऐका ना…" कलाचा आवाज उतरला. "हाताले सहा बोटं होती तिच्या. मी दोनदा मोजली."

जिलेबीचा पाक पत्रूच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"उद्या पन येते म्हनली. देऊ ना जी? का… नाई म्हनू?"

नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागणार. कारण ऐकलं की कला उद्याच नागभीडला.

"दे," तो म्हणाला.

अन् आंगणाच्या पार टोकाला, परकोटाच्या भिंतीशी, जिथं ना घर होतं ना चूल, तिथून भात शिजल्याचा वास यायला लागला.