तीन महिन्यांची कबुली

दसऱ्याच्या सकाळी जयतीर्थ वकील तंजावूरच्या सीतारामरावांकडे प्रसादाला गेले आणि नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांच्या कोलूपुढे थबकले. खालच्या पायरीवर घरी कामाला असलेल्या वेलू सुताराची सगळी हत्यारं पूजेला मांडली होती. पटाशीवरचं कालचं चंदन वाळलं होतं, पण कुठे पुसलं नव्हतं.

याच पटाशीने काल दुपारी देवघरातली पेटी फोडून मोहनमाळ चोरली, अशी कबुली वेलूने दिली होती. एकदा कबुली मिळाल्यावर पटाशी बघायला फौजदार कशाला येतोय!

आणि कबूल करायला लावलं होतं खुद्द जयतीर्थांनी. "इंग्रजी कायदा आहे, वेलू. कबूल केलंस तर तीन महिने, नाकारलंस तर सात वर्षं. बायकोला पाचवा महिना ना? बाळंतपणाला घरी असशील." वेलू खूप रडला, मग अंगठा उठवला. वकिलांना वाटलं, पुण्य केलं.

"अक्का, पूजा कधी मांडली?" त्यांनी सीतारामरावांच्या बायकोला, चंद्रमतीला विचारलं.

"काल पहाटे. वेलूनेच चंदन लावलं."

"नंतर पटाशी कोणी उचलली?"

"अय्यो! सरस्वतीपूजेला हत्याराला हात लावतं का कोण?"

जयतीर्थांनी पेटी पाहिली. लाकडावर ओरखडे होते, कुलूप मात्र शाबूत. किल्ली सीतारामरावांच्या जानव्याला.

"राव, वेलूवर हलकं कलम लावा म्हणून फौजदाराला तुम्हीच विनवलंत ना?"

"गरीब आहे हो तो."

"ज्याची चोरी होते तो आधी माल मागतो. माळ शोधा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पेटी किल्लीने उघडलीत, ओरखडे नंतर काढलेत. चोर सोडून संन्याशाला फाशी! माळ कुठंय?"

सीतारामरावांनी जानव्याची किल्ली मुठीत झाकली. "पापनाशमला, लेकीच्या सासरी. माझ्या पहिल्या बायकोची माळ, तिच्याच लेकीला दिली. हिला सांगायचा धीर झाला नाही. वाटलं, तीनच महिने, जातील."

चंद्रमतीने तोंडाला पदर लावला. वकिलांना रावांवर ओरडायचं होतं, पण तीन महिन्यांचा सौदा त्यांनीच तर जुळवला होता. शरमेने त्यांना वर बघवेना.

ते तसेच ठाण्यावर गेले. कोठडीच्या गजांपाशी त्यांनी वेलूला सगळं सांगितलं. "माझं चुकलं रे. उद्या कोर्टात सांग, चोरी मी केली नाही."

वेलू घाबरून मागे सरकला. हात जोडून त्याने विचारलं, "सामी, खरं बोललं तर किती महिने?"