प्रतीची प्रत

सासूबाईंना नातीचा व्हिडिओ हवा होता, एवढंच. वर्ना, म्हणजे क्रेगच्या आई, पुलापलीकडे हॅनकॉकला एकट्या राहतात. त्यांच्या जुन्या टीव्हीला पेन ड्राइव्ह चालतो. पण एल्सीच्या पाळण्यावरच्या कॅमेऱ्याच्या फाइली तो उघडत नाही. तेव्हा फाइल जुन्या फॉरमॅटमध्ये बदलून द्यायची, झालं. मी ती बदलली, आणि बर्फ काढायच्या गाडीवर कामाला जाता जाता क्रेग पेन ड्राइव्ह आईकडे टाकून गेला.

दुपारी त्यांचा फोन आला. बाहेर बर्फ आडवा पडत होता. खिडक्या नुसत्या पांढऱ्या. भर दिवसा दिवा लावावा लागला होता. एल्सी वरच्या खोलीत झोपली होती.

“टेसा, व्हिडिओ छान आलाय गं. पण तू त्या कपाटापाशी ताटकळत का उभी आहेस? पोरगी रडतेय, उचल की तिला!”

“मी नाहीये त्यात, आई.”

“मग कोण? तुझ्या त्या बाळाच्या पुस्तकांतला डॉक्टर?”

मी हसले. पुस्तकं वाचून आई झालेली बाई मी. टोमणे अंगवळणी पडलेत.

फोन ठेवून मी माझ्याकडची फाइल लावली. कपाटापाशी राखाडी चौकोनांचा पुंजका होता. हे मला ठाऊक होतं. फाइल लहान करताना प्रोग्राम अंधाऱ्या कोपऱ्यात आळस करतो, बारकावे सोडून ठिगळं लावतो. म्हटलं, मूळ फाइलवरून पुन्हा नीट करू. पण मूळ फाइल होती कुठे? ‘काम झाल्यावर मूळ फाइल काढून टाका’ या चौकटीत मी नेहमीच खूण करते, कॅमेऱ्याचं कार्ड सारखं भरतं म्हणून. शेवटी बदललेलीच फाइल पुन्हा बदलायला लावली. प्रतीची प्रत काढली की चित्र बिघडतं, हेही ठाऊक होतं.

बिघडलंच. पाळण्याचे गज विरघळले. चादरीवरची अस्वलं गेली. एल्सीचा चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा झाला.

कोपरा मात्र लख्ख होता.

तिथे एक बाई उभी होती. लोकरीचा कोट, त्याच्या पाठीवरची उसवलेली शिवणसुद्धा दिसत होती. तोंड भिंतीकडे.

तिथेच थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण महिनोन् महिने धड न झोपलेल्या आईला काय काय दिसतं! माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. खात्री करायला म्हणून मी आणखी एक प्रत काढली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहिला. आणि स्वयंपाकघरात हळूहळू वास यायला लागला... ओल्या लोकरीचा.

फाइल उघडली. ती बाई आता पाळण्यापाशी होती. एका हाताचं नखन् नख दिसत होतं, आणि तो हात गजांच्या आत गेला होता. आत, एल्सीच्या जागी, थोडे राखाडी चौकोन. बाकी काही नाही.

फोन वाजला.

“टेसा...” सासूबाईंचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. “मी पुन्हा लावला गं. ती कपाटापाशी नाहीये आता... आणि पोरगीही दिसत नाहीये. वर जा. आधी वर जा...”

जिना कसा चढले, आठवत नाही. एल्सी झोपली होती. गरम, जड, दुधाचा वास येणारी. क्रेग येईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही.

“बर्फात कोंडली गेलीस की तुझं डोकं आधी गोठतं,” तो म्हणाला. पण फाइली त्यानंच पुसल्या, आणि आईकडचा पेन ड्राइव्ह चुलीत टाकला. मी कॅमेरा काढला. एल्सीला पुन्हा कुठल्याही फोटोत, व्हिडिओत उतरवायचं नाही, असं ठरवून टाकलं.

तिच्या वाढदिवसाला मात्र क्रेगनं ऐकलं नाही. सासूबाईंकडे एकच फोटो काढला. फोटो सुरेख आलाय. सासूबाई स्पष्ट, केकवरची मेणबत्ती स्पष्ट, खिडकीबाहेरचा बर्फाचा कणन् कण स्पष्ट. फक्त माझ्या मांडीवरची एल्सी तेवढी पुसट, चौकोनी चौकोनी.

“हलली असेल,” क्रेग म्हणाला. “मुलं हलतातच.”

मी मान डोलावली. फोटो काढला तेव्हा एल्सी गाढ झोपली होती.