काचेतला डौर

सावेडीत मावशीला भेटून एस्तेर ऑटोची वाट बघत उभी होती. समोरच्या हॉलवर बोर्ड होता – 'लोप पावलेली लोकवाद्ये'. ऑटो काही येईना, म्हणून ती सहज आत डोकावली... आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

काचेच्या पेटीत तिच्या गुरूंचा, गोरक्षनाथबाबांचा डौर होता! कमरेत बारीक, दोन्ही तोंडांना कातडं, अन् कडेला बाबांनी स्वतः घातलेले लाल दोऱ्याचे टाके. याच डौरासाठी म्हातारा दोन दिवस घर उलथंपालथं करत होता. अन्नाला शिवला नव्हता.

"कुलूप काढा," काच पुसत असलेल्या तरुणाला ती म्हणाली.

"हात लावू नये, असं लिहिलंय." तो हसला. "वाचता येतं ना?"

"वाजवताही येतं! तुम्हाला येतं?"

त्याचं हसू मावळलं. पण एस्तेरचं तोंड एकदा सुटलं की सुटलं. दोन वर्षं ती सोनईजवळच्या वस्तीवर बाबांकडे भराड शिकत होती – डौराच्या तालावर नाथांच्या कथा गायला. चर्चमध्ये गाणारी ही मास्तरांची पोरगी तिथं कशाला जाते, म्हणून गावानं नाकं मुरडली होती. बाबा म्हणायचे, "मी गळा बगतो. बाकी मला काय करायचंय?" पण त्यांची रीत कडक. सगळ्या कथा तोंडपाठ होईपर्यंत शिष्यानं डौराला बोट लावायचं नाही. दोन वर्षं तिनं तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरला. आज, रविवारी, डौर तिच्या हाती यायचा होता. तोच नाहीसा झाला, म्हणून तर ती मावशीच्या पदराआड रडायला आली होती!

"कुठल्या चोरानं आणला हा?"

"मी आणला," तो हळूच म्हणाला. "मी रविराज. बाबांचा नातू."

झालं! आगीत तेलच पडलं.

"न विचारता?"

"विचारलं असतं तर दिला नसता त्यांनी. मी कोपरगावला, कारखान्यात; सुट्टीला इथं प्रदर्शनाचं काम बघतो. बाबांनंतर घरात वाजवणारं कुणी न्हाई. उंदरांनी कुरतडण्यापेक्षा... म्हटलं, इथं जपला तरी जाईल."

"आणि मी? मी कोण मग?"

"बाबा म्हणाले होते, सोनईची पोरगी येते. मला वाटलं, मोबाईलवर शूटिंग करायला येतात त्यांतलीच. चार दिवस येईल नि..."

"दोन वर्षं!" ती एवढ्यानं ओरडली की दारातला वॉचमन आत आला. "कोंडून ठेवण्याला जपणं म्हणतात होय? लाज वाटत न्हाई?"

रविराज तिच्याकडे बघत राहिला. रागानं लाल झालेलं नाक, डोळ्यांत पाणी, आणि बोटं... काचेवर नकळत ताल धरणारी बोटं. त्यानं निमूट किल्ली काढली. रजिस्टरमध्ये डौर परत नेल्याची सही केली.

"चला. स्कूटर आहे."

डौर मांडीवर घेऊन ती मागं बसली. हवेत बोचरा गारठा होता. उसाच्या ट्रॉल्यांमागून स्कूटर रखडत होती. मध्येच त्यानं ती थांबवली आणि अंगातलं जॅकेट काढलं. एस्तेर मान वळवून 'नको' म्हणणार... तर त्यानं ते तिच्या मांडीवरच्या डौराला गुंडाळलं!

"गार वाऱ्यानं कातडं सैल पडतं," तो पुटपुटला. "लहानपणी बाबा माझीच गोधडी घालायचे याला."

म्हणजे विसरला नव्हता मेला. तिला त्याचाही रागच आला. पुढं तो शर्टावर कुडकुडत होता, ते बघून आणखीनच.

वस्तीवर पोचताच बाबांनी डौर छातीशी धरला. नातवाकडे बघितलंसुद्धा नाही. मग डौर एस्तेरच्या खांद्याला अडकवला. "हं, एस्तेर पोरी. हुंदे सुरू."

"झील कोण धरणार, बाबा?"

खरंच की! भराड एकट्यानं होत नाही. गाणाऱ्यानं ओळ सोडली की मागच्यानं ती उचलायची, तीच झील. आजवर ती बाबाच धरायचे, पण उपाशी राहून त्यांचा आवाज पार बसला होता.

"ह्यो धरायचा ल्हानपनी," बाबा कुणाकडे न बघता म्हणाले.

"मला न्हाई जमायचं आता."

"जॅकेट द्यायला जमलं ना?" एस्तेर कडाडली. "उभे राहा मागं!"

कातड्यावर काडी पडली. डौर घुमला. डब्याचा पत्रा कुठं अन् हा आवाज कुठं! "दारी आला जोगी गं, झोळी त्याची रिकामी..." तिनं ओळ सोडली. ताल चालू ठेवला. एक ठोका, दोन...

"झोळी त्याची रिकामी..."

कापरा, बेसूर, पण ऐन तालावर. बाबांनी डोळे मिटले. ओळीमागून ओळ गेली, झील मागून येत राहिली, हळूहळू सुरावर बसली. एस्तेरला मागं वळून बघायचं नव्हतं. तरी तिनं बघितलंच. तो रडत होता... आणि गात होता.

कथा संपल्यावर बाबांनी भाकर मागितली, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

रविराज अंगणात तिच्याजवळ आला. "एस्तेर... राग गेला का?"

"अजिबात न्हाई."

"कधी जाईल?"

तिनं डौर पुन्हा त्याच्या जॅकेटात गुंडाळला. जॅकेट परत दिलं नाही.

"काय सांगावं! दर रविवारी सकाळी सहाला, रियाजाच्या वेळी येऊन विचारा."